परीक्षेला न्यायचा हात

बारावीच्या परीक्षेला बाकीची मुलं पेन, कंपास आणि देवाचा अंगारा घेऊन जायची. आम्हाला अख्खा माणूस घेऊन जावा लागायचा. आमच्या लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या प्रात्यक्षिकात रक्त काढून दाखवायचं असे, आणि ज्याचं काढायचं तो माणूस जिचा तिने आणायचा, अशी आमच्या कॉलेजची रीत होती. तिला आम्ही 'हात आणणे' म्हणायचो. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून आमच्यात दुसरा विषय नसे. तुझा हात ठरला का, कुणाचा ठरला, शिरा दिसतात का, ऐनवेळी पळून तर जाणार नाही ना, असं आम्ही बसमध्ये मोठमोठ्याने बोलायचो आणि शेजारच्या बायका पिशव्या मांडीवर घेऊन जरा सरकून बसायच्या.

कॉलेज निगडीत होतं. कॉलेज म्हणजे काय, तर दुकानांच्या एका रांगेवरचा पहिला मजला. खाली टायरवाला आणि त्याच्या शेजारी पिठाची गिरणी, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेतल्या बाकांवर कायम पिठाचा पातळ थर असायचा. तो पुसल्याशिवाय काचपट्टी ठेवायची नाही, हा आमचा पहिला धडा. सायन्सच्या मुली आम्हाला 'रक्त-लघवी' म्हणत. "रक्त-लघवी सुटली वाटतं," असं जिन्यात ऐकू यायचं. मी या कोर्सला गेले त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. दहावीचे मार्क सायन्सला कमी पडले, कॉमर्सच्या रांगेत ऊन फार होतं, आणि माझी मैत्रीण रेश्मा इकडच्या रांगेत सावलीला उभी होती. माणसं आयुष्याचे निर्णय खूप विचार करून घेतात असं कुठे वाचलं की मला अजून ती सावली आठवते.

शिकवायला सय्यद सर होते. मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढून ते आमच्याकडे आले होते. अंगाने किडकिडीत, आवाजाने भारदस्त. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक एकच, तो ते बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवायचे आणि त्याला 'साहेब' म्हणायचे. "साहेबांना ऊन दाखवा," असं ते म्हणाले की सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे फिरवायचा. शीर शोधताना सर आम्हाला डोळे मिटायला लावत. डोळा फसवतो, बोटाला विचारा, म्हणत. सायकलची व्हॉलट्यूब दाबली की कशी दबते आणि परत वर येते, तशी शीर बोटाला लागली पाहिजे. आणि हात आणताना जपून आणा, असंही ते बजावत, कारण बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंची एक सवय सगळ्यांना माहीत होती. रक्त काढून झालं की त्या मुलीला काहीच विचारत नसत. तिने आणलेल्या माणसाला विचारायच्या, "दुखलं का?" आणि मग खाली मान घालून मार्क लिहायच्या. आदल्या वर्षी एका मुलीच्या सख्ख्या काकाने प्रामाणिकपणे "लई दुखलं" म्हणून सांगितलं होतं, आणि ती मुलगी नापास झाली. त्या घरात पुढे दिवाळीलाही येणंजाणं राहिलं नाही म्हणे.

आम्ही तळवड्यात राहायचो. मूळचे बीडकडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कंपनीत लेथवर होते आणि आईची पत्र्याच्या दोन खोल्यांत खानावळ होती. आता तिथे काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं आहेत. तेव्हा लहान लहान कारखाने होते आणि मधूनमधून ज्वारीची शेतं. आमच्या घराला घड्याळाची गरज नव्हती. पहाटे स्टोव्ह फरफरायला लागला की पहिल्या शिफ्टचे डबे, दुपारी भोंगा झाला की दुसरी शिफ्ट जेवायला, आणि भाकरी थापायचा आवाज थांबला की समजायचं आता तिसऱ्या शिफ्टवाले निघाले. आई भाकरी हातावर थापायची, आणि जेवणाऱ्याने नको म्हटलं की तिला बहिरेपण यायचं. "आर्धीच वाढते," म्हणून ती अख्खी भाकरी मोडून दोन अर्ध्या वाढायची. तिच्या ठेच्याने माणसाच्या टाळूला घाम फुटायचा आणि तरी तो दुसऱ्यांदा मागायचा. तिच्या हातून उपाशी राहिलेला माणूस मी कधी पाहिला नाही. एक सोडून, आणि तो पुढे येतोच.

शिरा शोधायचा नाद लागला तसं मला पंगतीत माणसं दिसेनाशी झाली, नुसते हात दिसायला लागले. वरण वाढताना माझी नजर कोपराच्या खोबणीत. वेल्डिंगवाल्याची शीर चांगली पण सरकती, रंगकाम करणाऱ्याची खोल, वॉचमनकाकांची दिसते झकास पण बोटाला लागत नाही. काही जण लाजून बाह्या खाली करायचे. सुई धरायची सवय व्हावी म्हणून मी एक आठवडा आईच्या वांग्यांवर हात साफ केला. त्या आठवड्यात भरली वांगी खाणारा प्रत्येक गडी आधी वांगं उलटं करून, भोकं बघून, आत अळी शोधत बसायचा. आईच्या खानावळीवर असा डाग कधी लागला नव्हता. कारण कळलं तेव्हा तिने मला उलथनं दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून एक दोडका बाजूला काढून ठेवला.

राहिले अण्णा. दोन वर्षं मी त्यांचा हात पाहिला नाही. मी घरात असले की ते हाताची घडी घालून बसत. जेवताना डावा हात मांडीखाली. या कोर्सला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. "पोरीच्या जातीनं परक्या बाप्याचा हात धरायचा आन वरनं त्याला टोचायचं, ही कुठली विद्या?" असं ते म्हणायचे, आणि आम्हाला ते त्यांचे जुने विचार वाटायचे. आई मात्र भाकरी थापता थापता गालात हसायची. कंपनीत आरोग्य तपासणी असली की अण्णांची नेमकी त्याच दिवशी रजा असायची. पायात खिळा घुसला तेव्हा हळद दाबून बसले, दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. एवढा पुरावा समोर असून मला काही उमगलं नाही. पण त्यांनी जे ठरवलं होतं ते मात्र पक्कं होतं. मी नापास झाले तर जूनपासून चाकणला माझ्या चुलत बहिणीच्या कंपनीत पॅकिंगला जायचं, तिथल्या सुपरवायझरशी त्यांचं बोलणंही झालं होतं. पास झाले तर चिंचवडच्या एका लॅबच्या डॉक्टरीणबाई एक मुलगी घेणार होत्या, आणि सय्यद सरांनी माझं नाव सांगून ठेवलं होतं. पांढरा कोट की खोक्यांना चिकटपट्टी, एवढा सरळ मामला होता. मला तो कोट हवा होता. इतका हवा होता की रेश्माचा कोट घालून मी कॉलेजच्या खिडकीच्या काचेत बघून घेतलं होतं.

माझा हात पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. महादूमामा आईच्या माहेरच्या गावचा, तिला अक्का म्हणायचा, एका फोर्जिंगच्या कंपनीत घणावर कामाला, आणि आमच्या खानावळीतला सगळ्यात मोठा खाणारा. त्याच्या हातावर मनगटापासून दंडापर्यंत शिरा अशा उठलेल्या की डोळे मिटायचीही गरज नव्हती, आंधळ्यालाही दुरून दिसल्या असत्या. "पोरी, एक कशाला, दोन्ही हात घे," तो म्हणाला होता. रेश्माने आपली मावशी ठरवली होती आणि ती माझ्या हाताकडे बघून जळायची.

परीक्षा गुरुवारी आली. आमच्या भागात गुरुवारी कारखाने बंद आणि वीजही बंद, त्यामुळे अण्णा घरी होते आणि महादूमामाची बुधवारची रात्रपाळी सकाळी सुटणार होती. सगळं कसं जुळून आलं होतं. जुळवण्यात आईने तिच्याकडून थोडी भर घातली. कधीतरी गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला रक्त तपासायला उपाशीपोटी बोलावलं होतं. तेव्हापासून रक्त म्हणजे उपाशीपोटी, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. लेकीच्या परीक्षेत काही उणं राहू नये म्हणून तिने बुधवारी दुपारीच मामाला ताकीद दिली की आता उद्या सुई टोचेपर्यंत अन्नाचा कण घ्यायचा नाही, चहा नाही, कंपनीतली पावभाजी नाही. मामाने शब्द पाळला. रात्रभर घण चालवला, पाण्यावर. मी शेजारच्या खोलीत पांढऱ्या पेशींचे प्रकार मोठमोठ्याने पाठ करत होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अण्णा त्याला कंपनीच्या फाटकावरून लुनावर थेट कॉलेजात घेऊन आले, मला म्हणाले, "हा तुझा हात," आणि स्वतः खाली टायरवाल्याच्या पायरीवर बसले. वर यायचं नाव नाही.

प्रयोगशाळेत पंखे बंद होते, स्पिरिटचा वास कोंडला होता. परीक्षक बाई पदराने वारा घेत बसल्या होत्या. रेश्मा पास झाल्यासारखी बाहेर पडली, तिची मावशी कापूस धरून तिच्यामागे. मग माझं नाव. मामा स्टुलावर बसला, त्याने बाही वर केली, आणि खरं सांगते, बाईंच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला. मी दंडाला रबरी पट्टा बांधला. सुई अजून तबकात होती.

"पोरी," मामा हळूच म्हणाला, "अंधार पडला का गं?"

आणि तो स्टुलासकट आडवा झाला. एवढा मोठा माणूस पडला की काय काय पडतं ते मी तेव्हा पाहिलं. बाक सरकला, काचपट्ट्यांचा डबा गेला, सय्यद सरांनी झेप घेतली ती मामाकडे नाही, साहेबांकडे. सूक्ष्मदर्शक छातीशी धरूनच ते ओरडून सांगत होते की पाय वर करा, पाय वर करा. मामाने डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य म्हणाला ते असं की रक्त काढून झालं असेल तर अक्कानं डबा दिलाय. तो डबा तिथेच उघडावा लागला. तीन भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. स्पिरिटचा वास कुठल्या कुठे पळाला. बाईंनी चटणीकडे बघून ती कशी करतात ते विचारलं, मामाने भाकरीचा तुकडा पुढे केला, आणि बाईंनी, नको नको म्हणत, घेतला.

पण बाई चटणी खाऊन विरघळणाऱ्यांतल्या नव्हत्या. चक्कर आलेल्या माणसाला आज सुई लावायची नाही, दुसऱ्या मुलीचा टोचलेला हात वापरायचा नाही. अजून दोन मुली राहिल्यात, त्या होईपर्यंत नवा हात आण, नाहीतर तुला गैरहजर लिहावं लागेल, असं त्या म्हणाल्या. सय्यद सर आपली बाही वर करायला लागले तर त्यांनाही मनाई झाली. मी जिना उतरले. टायरवाल्याला विचारलं, त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. गिरणीवाला वीज नाही म्हणून रिकामाच बसला होता, पण त्याचा गुरुवारचा उपास होता आणि उपासाला रक्त चालत नाही असं त्याने मला सांगितलं. रस्त्यावर तिसरं कुणी नव्हतं. पायरीवर अण्णा होते, हाताची घडी घालून. त्यांना विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी त्यांच्यासमोर नुसती उभी राहिले आणि मला रडू फुटलं. आयुष्यात मी पुष्कळ मोठ्या गोष्टींसाठी रडले आहे, पण इतकं मोकळेपणी नाही.

काय झालं ते मी सांगितलं. अण्णांनी लुनाचा आरसा उगाच सरळ केला.

"दुसरं कुणी न्हाई का?"

"न्हाई."

"बघितलंस का नीट?"

"व्हय."

ते उठले. "चल," म्हणाले, आणि माझ्यापुढे जिना चढायला लागले.

स्टुलावर बसून त्यांनी मनगटाचं बटण काढायला जो वेळ लावला, तेवढ्या वेळात उरलेल्या मुलीचं काम झालं. मग तो हात माझ्यासमोर आला. कातडीच्या रेघांमध्ये बसलेलं ग्रीस, दंडापासून वर पांढराफटक. दोन वर्षं लपवलेला हात, आणि त्यावर एक शीर दिसेल तर शपथ. अण्णांनी मान वळवून समोरच्या भिंतीवर नजर लावली. तिथे पचनसंस्थेचा तक्ता होता. मी पट्टा बांधला, डोळे मिटले, बोटाला विचारलं. बोटाखाली त्यांचा हात थरथरत होता. तेव्हा कुठे मला ती कंपनीतली रजा, तो खिळा, ती मांडीखालची लपवाछपवी एकदम कळली. माझे अण्णा सुईला भीत होते. विद्या, परक्या बाप्याचा हात, सगळं खोटं, ते फक्त भीत होते. मला हसू आलं, ते दाबून मी बोट पुन्हा कोपराच्या खोबणीत ठेवलं.

"टोचायलीस का?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"न्हाई अजून, अण्णा. तक्ता वाचा तुम्ही."

ते मोठ्याने वाचायला लागले. शाळा फार झाली नव्हती, अक्षर जुळवून जुळवून वाचत होते. जठर. यकृत. लहान आतडं. लहान आतड्याला मी सुई घातली. रक्त आलं नाही. मी सुई जरा आत सारली, जरा मागे घेतली, कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. मोठं आतडं, अण्णा वाचत होते, आवाज थोडा वर गेला होता, मोठं आतडं, मोठं आतडं. मग काचेच्या नळीत लाल रेघ उगवली आणि भरत गेली. मी पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला. महादूमामाचा घास हातातच राहिला होता.

बाईंनी पेन उघडलं. "काका, दुखलं का?"

अण्णांनी मान फिरवली नाही. "काय दुखायचं?" ते म्हणाले. "मला तर कळलंच न्हाई. टोचलं व्हय तिनं?"

बाई हसल्या आणि खाली मान घालून त्यांनी मार्क लिहिले.

त्या दुपारी पंगतीत अण्णांनी ही हकीकत प्रत्येकाला स्वतंत्र सांगितली. पोरीचा हात असा हलका की कळलंच न्हाई. आईने त्यांना न विचारता गूळ वाढला. ज्या गड्यांनी वांग्यात अळ्या शोधल्या होत्या ते आता बाह्या वर करून आमचंही बघ म्हणायला लागले. मीही फुगले. रेश्माला सांगितलं की काहींच्या हाताला उपजतच गुण असतो, आणि ती माझ्याशी पुढे दोन दिवस बोलली नाही. निकाल लागला, कोट मिळाला, चिंचवडची लॅब झाली आणि पुढे यथावकाश पिंपळे सौदागरला माझी स्वतःची छोटी लॅब. सकाळी सोसायट्यांच्या लिफ्टने वर जाऊन मी लोकांना झोपेतून उठवते आणि उपाशी आहात ना, विचारते, तेव्हा दर वेळी महादूमामा आठवतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिला हात मी माझाच देते. त्या घाबरत घाबरत विचारतात, मॅडम, दुखलं का. त्याचं उत्तर मला पाठ आहे. अण्णा आता रावेतला माझ्या भावाकडे असतात, साखर तपासायला माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत, आणि अजून भिंतीकडेच बघतात, जरी भावाच्या भिंतीवर आतड्यांचा तक्ता नाही.

पण परीक्षेनंतरच्या त्या आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं. ऊन तापायला लागलं होतं. घरी आले की बनियनवर बसणारे अण्णा त्या आठवड्यात पूर्ण बाहीचा शर्ट काढेनात. बटणं मनगटापर्यंत लावलेली. झोपतानाही तोच. आईला वाटलं अंगात कणकण असेल, तिने काढा करून दिला, त्यांनी तो निमूट पिऊन टाकला. पुढचा गुरुवार आला. नळाला पाणी नव्हतं, अण्णा मागच्या दगडावर अंघोळीला बसले होते, आणि आईने मला त्यांच्या पाठीवर पाणी घालायला पाठवलं. मी तांब्या बुडवला आणि तशीच थांबले. त्यांचा हात कोपराच्या खोबणीपासून खाली अर्ध्यापर्यंत जांभळा पडला होता, कडेने हिरवट पिवळा, पिकलेल्या जांभळासारखा सुजलेला. सुई शिरेच्या आरपार गेली की आत रक्त साकळतं आणि असं होतं. आमच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, त्यावर मी पाच मार्कांचं उत्तर लिहून आले होते. ते किती दुखतं तेही त्यात लिहिलेलं होतं.

"अण्णा, हे काय?"

त्यांनी हाताकडे असं बघितलं, जसा तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

"मशीनवर लागलं असंल," ते म्हणाले, आणि मी हललेच नाही तेव्हा, "उभी काय राहायलीस? पाणी घाल."

मी पाणी घातलं.